अर्धा सिनेमा आणि भाऊबीज

पुरुष मिळवायला बाईने काय करावं, ते मला विचारू नका. घालवायला मात्र एक ताट, एक सुपारी आणि चिमूटभर कुंकू पुरतं. ज्या माणसाने मला लग्नाचं विचारलं होतं, त्यालाच मी भाऊबीजेला चारचौघांत ओवाळलं.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची विधवा, जर्मनीत गेर्लिंगेनला मुलाकडे नात सांभाळायला आलेली. तो मुलाच्या ऑफिसातला इंजिनिअर, अडतीसचा, बिनलग्नाचा. बाकीची पोरं मला काकू म्हणत. तो नुसतं 'अहो' म्हणायचा, आणि मी खुळी पोळी लाटता लाटता लाजायचे. एका रविवारी जंगलात फिरताना तो म्हणाला, "अहो, आपण लग्न करू या. हसू नका. भाऊबीजेला तुमच्याकडे जेवायला येतोय, तेव्हा सांगा."

वरच्या मजल्यावर एक फिलिपिनो नर्स राहायची. तिचा जर्मन नवरा तिच्याहून बावीस वर्षांनी मोठा. जिन्यात कुणी चकार शब्द काढत नसे. तिला सगळं सांगितलं, तर तिने गावाहून आणलेला सिनेमा लावला. वयाने मोठी शिक्षिका, बोटीवर काम करणारा तरुण. खाली इंग्रजी अक्षरं, मध्ये टिश्यूचा डबा, दोन्हीकडे आम्ही रडतोय. शिक्षिका त्याला म्हणते, "तू मला धाकट्या भावासारखा," आणि दार लावून घेते. तेवढ्यात नर्सची ड्यूटीची वेळ झाली. तिने सीडी काढली. मला वाटलं, संपला.

काय तो त्याग! म्हटलं, आपणही करू. खरं म्हणजे भीती होती. सून काय म्हणेल, पुण्यातल्या जावा काय म्हणतील. त्यागाचं नाव दिलं की भीतीला जरा बरं पातळ नेसवल्यासारखं होतं.

इकडे भाऊबीज सोयीने शनिवारी. आठ-दहा जण जमले होते. मुलगा म्हणाला, "आई, याला इथे बहीण नाही. कोण ओवाळणार?"

"मी आहे की!" एवढ्या मोठ्याने म्हणाले, की नात दचकली.

पाट नव्हता, खुर्चीवर बसवला. निरांजनाच्या जागी टीलाइट. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी कुंकवाचा टिळा अगदी सरळ लावला, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. ओवाळणी घालायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. गळ्यातला मफलर काढून त्याने ताटात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो परत घरी आला नाही. महिन्याभराने मुलाने सांगितलं, त्याने हॅनोव्हरला नोकरी धरली, उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. त्याच संध्याकाळी नर्सने जिन्यात गाठलं. "दुसरी सीडी कधी बघायची?"

"दुसरी?"

दुसऱ्या सीडीत ती शिक्षिका अनवाणी बंदरावर धावते. बोट सुटायच्या आत पोचते.

सकाळी मीही धावले. ट्रामने स्टुटगार्टच्या मोठ्या स्टेशनवर, पायांत सुनेचे बूट, गळ्यात तोच मफलर. सांगायचं वाक्य पाठ केलं होतं. अजूनही पाठ आहे. तो डब्याच्या दारात उभा होता. मला पाहून खाली उतरला, वाकून पायांना हात लावला आणि म्हणाला, "ताई, एवढ्या थंडीत तुम्ही कशाला आलात?"