गाडी माझ्या नावावर होती

उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि सहीचा कागद पुढे केला. सून रडत होती, म्हणून सही मी केली. चौथीपर्यंत शिकले आहे, सही येते. पाय माझ्या मुलाचा. बाजूच्या बाकावर माझी विहीण हात गळ्यात बांधून बसली होती. ती लेकीला म्हणाली, "रडणं नंतर. आधी गाडीच्या विम्याचा कागद मागव. मालकाला अपघाताचे मिळतात. पाय गेला तर अर्धी रक्कम देतात."

मला त्या वेळीही तिचा राग आला. मुलगा माझा, पाय माझ्या मुलाचा, आणि काय मिळतं ते हिला ठाऊक. मला नाही.

कागद आला. सुनेने वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"आत्याबाई, मालक तुम्ही आहात."

"माहीत आहे," मी म्हटलं.

तिथपर्यंत गोष्ट कशी गेली ते सांगते.

माझा मुलगा औषध कंपनीत होता. दिवसभर दवाखाने फिरायचे, जिने चढायचे, डॉक्टरांपुढे बॅग उघडायची. आम्ही काचीगुड्याला राहतो. विहीण चिक्कडपल्लीला, एकटी. शाळेत मास्तरीण होती, पेन्शन आहे, इंग्रजी पेपर वाचते. मुलाने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा ती सहज बोलल्यासारखं बोलली, "जावईबापू, गाडी लेकीच्या नावावर घ्या. बायकांच्या नावावर काहीतरी असावं."

मी लगेच म्हटलं, "असावंच. माझ्या नावावर घे."

मुलगा हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. मी दोन दिवस जेवले नाही, मग त्याला कळलं.

विम्याचं काम बघणारा माणूस आमच्याच गल्लीतला. तो घरी येऊन बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "अम्मा, लायसन है क्या आपके पास?"

"मैं गाडी चलाती क्या?"

"तो फिर नक्को करो. मालिक के एक्सिडेंट का कवर उसीच को मिलता, जिसके नाम पे गाडी और जिसके पास लायसन. आपको वो बैठताच नहीं. बेटा चलाता, बेटे के नाम पे लो."

मुलगा म्हणाला, "आई, ऐक ना. माझ्या नावावर घेऊ."

"तुझ्या नावावर म्हणजे तिच्याच नावावर," मी म्हटलं. सून स्वयंपाकघरात होती. ऐकू जावं म्हणूनच बोलले.

त्या माणसाने आणखी एक उपाय सांगितला. गाडीत पाच सीटा, पाचांसाठी थोडं जास्त भरा. कोणीही बसलेला असो, चालवणारासुद्धा त्यात येतो. मुलगा खिशात हात घालत होता. मी विचारलं, "पाचात कोण कोण?" तो म्हणाला, "कोई भी अम्मा, जो बैठा सो." जो बैठा सो म्हणजे कोण, ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या गाडीत माझ्यापेक्षा विहीणच जास्त बसणार होती. तिच्यासाठी आम्ही का भरायचं? मी नको म्हटलं. पुढच्या वर्षी विमा नवा करताना त्याने परत विचारलं. मी परत नको म्हटलं. मुलाने दोन्ही वेळा माझं ऐकलं, कारण त्याला घरात शांतता हवी होती.

गाडीच्या नोंदणीचं कार्ड मी माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवत असे. शेजारणींना दाखवलंही. मालकीण मी, पण बसत होते मागे. पुढे विहीण. तिचे गुडघे दुखतात म्हणे. माझे काय लाकडाचे होते? ती पुढे बसून जावयाशी बोलायची, पेपरातलं सांगायची आणि तो हसायचा. माझ्याशी तो इतका कधी हसला नाही. मी मागून तिच्या अंबाड्यावरचा गजरा बघत बसायची.

त्या दिवशी तिला नामपल्लीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मला काही काम नव्हतं. ते दोघेच जाऊ नयेत, म्हणून मी निघाले. चौकात एक लारी उजवीकडून आली, मुलाच्या दारावर आदळली आणि न थांबता निघून गेली, तिचा नंबर कोणालाच मिळाला नाही. विहिणीचा हात मोडला. मी तिच्या मागे होते. माझी बांगडीसुद्धा फुटली नाही.

विमा कंपनीने तीन उत्तरं दिली. गाडी दुरुस्त करून दिली, तक्रार नाही. विहिणीला अपघाताच्या कोर्टात जाऊन हाताची भरपाई मिळाली, कारण ती गाडीतली पाहुणी. मुलाला पायाचं काही मिळालं नाही. चालवणारा तो, पण मालक नाही. मालक मी, पण मला लायसन नाही आणि मला काही झालंही नाही. गल्लीतला माणूस कागद घेऊन ऑफिसात दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा आमच्या दारातच उभा राहिला. "अम्मा, मैं बोला था," एवढंच म्हणाला.

ती अर्धी रक्कम मिळाली असती तर मुलगा घराखाली औषधांचं दुकान घालणार होता. जिने चढायची नोकरी गेलीच होती. आता तो एका ठोक व्यापाऱ्याकडे बसून बिलं करतो.

नकली पाय घ्यायचा ठरला तेव्हा मी पाटल्या मोडल्या. त्या पैशांत जो आला तो घासायचा, फोड यायचे. तरी त्याने वर्षभर घातला. मग विहिणीला कोर्टाचे पैसे मिळाले. तिने ते सगळे आणून जावयापुढे ठेवले आणि चांगला, हलका पाय बसवून घ्यायला लावला. मी म्हटलं, "विहीणबाई, तुमच्या हाताचे पैसे आहेत. आम्हाला नकोत."

ती म्हणाली, "तुम्हाला देतेय कोण?"

मी दिलेला पाय माळ्यावर आहे. तिचा पाय तो रोज घालतो. सकाळी उठून चालायला लागला की मला ते ऐकू येतं आणि मी अजून जळते. खोटं कशाला लिहू?

शेजारणी आता मला विचारतात, कारण आमचं झालेलं सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगते, चालवणार त्याच्या नावावर गाडी घ्या. लायसनची मुदत संपली नाही ना, ते बघा. सीटांचे पैसे भरा आणि कोण बसणार ते विचारू नका. कागद वाचता येत नसेल तर ज्याच्यावर जळता त्याच्याकडून वाचून घ्या, तो एक अक्षर सोडणार नाही.

सून गाडी शिकली. गाडी तिच्या नावावर झाली, विमाही लगेच तिच्या नावावर करून घेतला. कागदावर सही मला करावी लागली. तिने पाचही सीटांचे भरले. पुढे आता मुलगा बसतो. मागे आम्ही दोघी विहिणी, ती खिडकीशी, मी खिडकीशी, मध्ये तिची पिशवी.

लारी आदळली तेव्हा गाडीत मुलगा, विहीण आणि मी होतो. तिघंही जगलो.