गोबोईचं नाव

मेडनहेडच्या गार्डन सेंटरमध्ये सुक्या राफियाचा, ताडासारख्या पानांच्या पातींचा, वास आला आणि लीड्सचा तो हॉल आठवला. तिथे आमच्या हॉस्पिटलच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. हावा ही माझी वॉर्डमधली मैत्रीण, सिएरा लिओनची. तिने आपल्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना गळ घालून त्यांच्या मेंडे लोकांचा गोबोई नाचायला आणला होता. राफियाच्या झग्यात नखशिखांत झाकलेला गोबोई गरगर फिरून थांबला, तशी मी माइकवर म्हणाले, "आता डोक्यावरचं काढा, फोटो घेऊ!"

हावा कुजबुजली, "अगं, आत माणूस नाही. तो आत्मा आहे."

"मग सर्टिफिकेटवर नाव कुणाचं घालू?"

हॉल खदखदून हसला. तिची माणसं गोबोईला घेऊन निघून गेली. हावा खाली मान घालून त्यांच्यामागे गेली.

गावी नवरात्रात काकूंच्या अंगात देवी आली की मी पाया पडायचे. तेव्हा त्यांना 'काकू' म्हणायची माझी छाती नव्हती.