आवाज पुढे, बाकी मागे

घरात गळा एकीच्याच वाट्याला आला होता, आणि तो थोरलीच्या. धाकटी गुणगुणायला लागली की वडील मुकाट्याने उठून खिडकी लावून घ्यायचे. शेजाऱ्यांची काळजी, दुसरं काय! याचं कुणाला वाईट वाटत नसे, धाकटीलाही नाही. 'धाकटी' हे नाव तिला घरात चिकटलं ते कायमचं. पन्नाशी उलटली, केस पिकले, नावाजलेले संगीतकार तिच्या तारखेसाठी ताटकळू लागले, तरी ती धाकटीच राहिली.

ती या धंद्यात शिरली ती सोबत म्हणून. थोरलीला विशीच्या आतच कोरसमध्ये गायची कामं मिळू लागली होती. एकटीने जायचं नाही, असं आईने बजावलेलं. वडिलांना शिलाईच्या दुकानातून मान वर करायला फुरसत नसे. मग शाळा सुटली की दप्तरासकट धाकटीची पाठवणी ताईबरोबर व्हायची. स्टुडिओ एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. खालची यंत्रं सुरू झाली की वरची जमीन थरथरायची, आणि सगळे वादक वाद्यं मांडीवर ठेवून ती थांबायची वाट बघत बसायचे. धाकटीला गायकांच्या खोलीत बसू देत नसत, कारण एकदा सगळं चिडीचूप असताना ती नेमकी शिंकली होती. तेव्हापासून तिची रवानगी काचेमागच्या खोलीत झाली. तिथे रेकॉर्डिंग करणारे मास्तर बसायचे.

मास्तर म्हणजे तोंडाला कुलूप आणि किल्ली हरवलेली. दिवसभरात ते बोलले तर 'पुन्हा' एवढंच बोलायचे. एका दुपारी त्यांनी थोरलीची एक ओळ वाजवून ऐकली, मान हलवली, पुन्हा ऐकली. मागून धाकटी म्हणाली, "ताई कपाटात बसून गातेय असं वाटतंय."

मास्तरांनी खुर्ची वळवली. आता आपली हकालपट्टी होणार, असं धाकटीला वाटलं.

"मग उघड की दार," ते म्हणाले आणि एका बटणाकडे बोट दाखवलं. "हे."

तिने ते झटक्यात फिरवलं. ताईचा आवाज टाचणीसारखा कानात घुसला.

"शाबास. कपाटातून काढलंस आणि पत्र्याच्या डब्यात घातलंस. परत आण. हळू. दूध उतू जायला आलंय असं समज."

तिने हळूहळू बटण मागे आणलं. कुठे थांबायचं ते मास्तरांनी सांगितलं नाही. एका जागी तिचा हात आपसूक थांबला. मास्तरांनी ते बटण तिथेच राहू दिलं.

पुढे थोरलीला सोबत लागेनाशी झाली, पण धाकटीचं जाणं काही सुटलं नाही. आधी ती वायरी गुंडाळायची, मग माइक लावायची, मग मास्तर जेवायला गेले की त्यांच्या खुर्चीत बसायची. मिक्सिंगचं काम तिला तिथे उमगलं. वेगवेगळे घेतलेले आवाज एकत्र आणायचे. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, कुणाला कोपऱ्यात. आईने एकदा विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय तिथे?"

"सगळे एकदम बोलत असतात. मी त्यांना समजुतीने बोलायला लावते."

"मग घरात का नाही करत?" आई म्हणाली.

मास्तर निवृत्त झाले आणि छापखान्याच्या मालकाने वरचा मजला गोदामासाठी मागितला. धाकटीने फर्निचरच्या एका दुकानामागची खोली भाड्याने घेतली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, त्यांवर वडिलांनी स्वतः खोळी शिवून चढवल्या. बाहेरून बघणाऱ्याला तो गादीवाल्याचाच धंदा वाटायचा. सुरुवातीला येणारी माणसं दारातून आत डोकावून विचारायची, "साहेब कधी येणार?" ती म्हणायची, "साहेब आलेत. बसा." मग स्वतःच खुर्चीत बसायची. काही जण आल्या पावली परतले. ज्यांना दुसरीकडचे दर परवडत नव्हते, ते राहिले.

अशांतच एक कॉलेजातल्या पोरांचा बँड होता. पोरांनी हौसेने पोहण्याच्या रिकाम्या तलावात उतरून गाणं रेकॉर्ड केलं होतं. सगळं नुसतं घुमत होतं. ढोल कुठे संपतो आणि गाणारा कुठे सुरू होतो, पत्ता नाही. चार स्टुडिओंनी त्यांना वाटेला लावलं होतं. धाकटीने ते घुमणं काढायचा नाद सोडून दिला. तिने ढोल जवळजवळ सगळाच काढून टाकला, गाणाऱ्याचा आवाज अगदी ओठाशी आणून ठेवला आणि घुमणं मागे लांबवर राहू दिलं. ढोलवाला दोन दिवस तोंड फुगवून बसला. नंतर ते गाणं दुकानांतून, बसमधून, न्हाव्याच्या खुर्चीशेजारून ऐकू यायला लागलं, तेव्हा ढोल नाहीच ही कल्पना आपलीच, असं तो सांगत सुटला. धाकटीने त्याला कधी अडवलं नाही.

मग कामाला तोटा राहिला नाही. गाद्या गेल्या, चांगली खोली आली, मदतीला माणसं आली, बक्षिसंही आली. ती बक्षिसं आईने कपड्यांच्या कपाटावर मांडली आणि दर आठवड्याला पुसू लागली. धाकटीची कीर्ती मात्र कामाइतकीच तिच्या नकाराची होती. एक बडा निर्माता हटून बसला होता की सगळी वाद्यं मोठी हवीत. ती त्याला म्हणाली, "सगळेच ओरडायला लागले तर ऐकणार कोण?" तो तणतणत गेला आणि आठवडा उलटायच्या आत परत आला. तिला पटलं नाही तर ती नाही म्हणायची, आवाज न चढवता, आणि त्यावर वाद घालायची नाही. लोकांना याचंच अप्रूप होतं.

इकडे थोरलीचं लग्न झालं, मुलं झाली. तिची काही गाणी लोकांच्या ओठांवर राहिली, पण तीच हळूहळू मागे सरली. मुलं पंख फुटून उडाली आणि घर गप्प झालं, तेव्हा तिने पुन्हा तंबोरा खाली काढला. एक कंपनी तिची नवी गाणी काढायला तयार झाली. थोरलीची अट एकच: मिक्सिंग धाकटी करेल.

धाकटीने गाणी ऐकली. ताईच्या आवाजात आता थोडी रेती आली होती. वरच्या स्वरावर तो किंचित हलायचा, शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय हलावा तसा. धाकटीला तो आवडला. तिने तो तसाच पुढे ठेवला आणि ताईला बोलावून ऐकवलं.

"हा वरचा 'आ' हलतोय," थोरली म्हणाली.

"हलू दे. बरा वाटतो."

"तुला वाटतो. मला म्हातारा वाटतो. सरळ कर."

"ताई, तो तुझाच आहे."

"माझाच आहे म्हणून तर सांगतेय. करता येतं ना तुला?"

करता येत होतं. कापडाची सुरकुती इस्त्रीने मोडावी, तसा हललेला स्वर संगणकावर सरळ करता येतो. धाकटीने खुर्ची संगणकाकडे वळवली. मग म्हणाली, "येतं." आणि तिने केलं, स्वर न् स्वर. कुठे शिवण दिसणार नाही इतकं नीट केलं. वाईट काम करायची तिला सवयच नव्हती.

गाणी चालली. थोरलीच्या वयाच्या मानाने आवाज कसा टवटवीत राहिलाय, असं जो तो बोलू लागला. मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरला, तिकिटं हातोहात गेली. धाकटी, आई आणि भावजी पहिल्या रांगेत बसले होते. पहिली दोन गाणी तरली. तिसऱ्या गाण्यात तो वरचा 'आ' आला आणि थोरलीचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. तिने सराईतपणे हसून माइक लोकांकडे वळवला. लोकांनी ती जागा गाऊन दिली. पुढच्या गाण्यातही तेच करावं लागलं, तेव्हा मात्र लोक एकमेकांकडे बघू लागले. आईने भावजींना कुजबुजत विचारलं, "हिला बरं नाही का?"

कार्यक्रमानंतर धाकटी आतल्या खोलीत गेली. थोरली आरशासमोर बसून कानातले काढत होती.

"फसवलंस मला," ती आरशातूनच म्हणाली.

"तू सांगितलंस तेच केलं."

"तेच तर. अख्ख्या जगाला नाही म्हणतेस. मोठमोठ्यांना दारातून परत पाठवतेस. मलाच 'नाही' का म्हणाली नाहीस?"

ताईला कधी कुणी नाही म्हटलेलंच नव्हतं त्या घरात. पण हे तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. धाकटी गाडी काढायला निघून गेली.

बरेच महिने दोघी बोलल्या नाहीत. निरोप आईमार्फत जायचे. "तिला सांग, ह्यांच्या तपासणीचे रिपोर्ट चांगले आलेत." "तिला विचार, इस्त्रीवाला कोणता म्हणत होती ती." शेवटी आई वैतागली. "मी काय टेलिफोन ऑफिस उघडून बसलेय? जिभा आहेत ना दोघींना?" त्या काळात धाकटीचं काम नेहमीसारखंच चालू होतं. तिच्याकडच्या माणसांना फरक जाणवला तो इतकाच, की गायक समोर असताना ती आता आधी विचारायची, "हे स्टेजवर असंच गाता येईल ना?" कुणी नाही म्हटलं तर ती स्वर सरळ करून देत नसे.

फोन थोरलीनेच केला, तोही सकाळी, भांडीवालीचा आवाज मागे चालू असताना.

"पट्टी खाली उतरवलीय मी. लहानशा सभागृहात गाणार आहे. आवाज सांभाळायला येशील?"

"मला स्टेजचं येत नाही, ताई. ते वेगळं काम आहे."

"मलाही सध्या कुठे येतंय? ये."

धाकटी गेली. बंद खोलीत एकेक स्वर लावून-पुसून बघायची सवय झालेली ती बाई. इथे गेला तो क्षण गेला. पहिल्याच गाण्यात तिने आवाज जरा जास्त उघडला आणि स्पीकरमधून अशी कर्णकर्कश शिटी निघाली की पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कानातलं यंत्रच काढून खिशात टाकलं. धाकटीने घाईने बटण मागे ओढलं. थोरलीने गाणं थांबवलं, शिटी विरेपर्यंत वाट पाहिली आणि माइकमध्ये म्हणाली, "ती मागे बसलीय ना, ती माझी धाकटी बहीण. फार नावाजलेली आहे हो." लोक खदखदून हसले. धाकटीही हसली, बऱ्याच दिवसांनी. त्यानंतर थोरली खालच्या पट्टीत गायली. आवाज हलायचा तिथे हलला. कुणी हू की चू केलं नाही.

असे कार्यक्रम दोघींनी काही वर्षं केले, फार नाही, जमतील तेवढे. धाकटी त्या कामात शेवटपर्यंत बेताचीच राहिली, उत्तम कधी झाली नाही. स्टेजवरचा एखादा साधा माणूस तिच्यापेक्षा सफाईने करायचा आणि तिला ते ठाऊक होतं.

मग एका दुपारी, आईकडे भाजी निवडता निवडता थोरली म्हणाली, "आता पुरे. गळा दमतो."

"बरं," धाकटी म्हणाली.

"गा म्हणणार नाहीस?"

"नाही."

थोरलीने मान हलवली आणि निवडलेली भाजी आईच्या पातेल्यात टाकली. आईला तेव्हा नीट ऐकू यायचं नाही. काय ठरलं, असं तिने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा थोरलीनेच तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली. नवा बँड आला होता. व्हायोलिनवाली मुलगी दारातच म्हणाली, "मॅडम, आधी दुसरीकडे केलेल्या गाण्यात मी ऐकूच येत नव्हते."

"सगळ्यांना तसंच वाटतं," धाकटी म्हणाली, खुर्ची पुढे ओढून घेतली आणि गाणं लावलं.