टेबलावरचं हवाई दल

मित्र रविवारी जमले की कामापेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. आमचं काम होतं विमानांना स्टँड करायचं! ऐंशीच्या आसपासची गोष्ट. महाल भागात बबनरावच्या घरी टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकून आम्ही हवाई लढाई खेळायचो. विमानं लाकडाची, बोटभर. पण ती हवेत दिसायला नकोत? मी, हिंगण्याच्या कारखान्यातला फिटर बबनराव आणि ड्रॉइंग शिकवणारे नामू मास्तर, तिघं त्याच खटपटीत.

*

पहिला स्टँड मास्तरांनी केला, वहिनींच्या विणायच्या सुईचा. वहिनींनी घर पालथं घातलं.

"अहो, माझी सुई पाहिली का?"

"आकाशात आहे!"

वहिनी येऊन विमान बघून गेल्या. "मग औंदा स्वेटरबी तिथूनच मागवा!"

*

पुढं बबनराव सायकलचे स्पोक कापून आणू लागला. कारखान्याच्या गेटवरच्या चौकीदारानं पिशवी तपासली.

"हे काय हो?"

"लढाऊ विमानाचं सामान."

"लढाई कोणाशी?"

"नामू मास्तरशी."

तेव्हापासून दर सोमवारी चौकीदार विचारायचा, "मास्तर हारले का जी?"

*

मे महिना. पंखा लावला की विमानं आडवी! म्हणून पंखा बंद, डोक्यावर ओले टॉवेल, तिघं टेबलाभोवती गप्प. शेजारचे काका दारातच थबकले. हळूच म्हणाले, "कोण गेलं गा?"

बबनरावनं मान वर केली नाही. "दोन बॉम्बर!"

*

विमान वरखाली करता यावं म्हणून मास्तरांनी स्वतःच्या रेडिओचा एरिअल काढला. नेमकी टेस्ट मॅच सुरू झाली! गल्ली कॉमेंट्री ऐकायला जमलेली, रेडिओतून नुसती खरखर. मास्तरांनी विमानासकट एरिअल परत खोचला. आवाज आला! पण आपली विकेट पडली की मास्तर सवयीनं विमान खाली ओढायचे, आणि पुन्हा खरखर! लगेच गल्ली ओरडायची, "मास्तर, विमान वर करा गा!"

*

बबनरावची मुलगी सुनंदा आमच्यापेक्षा सुबक स्टँड करायची. सोड्याच्या बाटलीच्या झाकणात प्लास्टर ओतायचं आणि स्पोकसाठी मधे बोटानं खळगा. एकदा तिला बघायला पाहुणे आले. ताटात त्या चकत्या वाळत होत्या. मुलाच्या वडिलांनी एक उचलून चावली.

"पेढे जरा कडक झाले. पोरीनं केले का?"

सुनंदा म्हणाली, "हो, मीच केले. पण खायचे नाहीत, विमान उभं करायला आहेत."

पाहुणे दात चाचपत बसले. बबनरावच्या बायकोनं कपाळाला हात लावला. गेलं स्थळ! एवढ्यात मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "कोणतं विमान?"

सुनंदानं आतल्या खोलीतलं टेबल दाखवलं. एक विमान सारखं नाकावर पडायचं. "स्पोक जरा पुढं घ्या ना," तो म्हणाला. दोघं खाली वाकले.

चहा झाला, पोहे झाले, पाहुण्यांची निघायची वेळ झाली. शेवटी बबनराव आत डोकावला. "मग... काय ठरवलं जी? पोरगी पसंत आहे ना?"

मुलानं मान वर न करता हात दाखवला.

"थांबा जी बाबा, हलू नका. डिंक वाळून राहिला!"