देवधानाला घातलेलं खत

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण — कारण जाऊ द्या. सांगतो आहे, एवढं खरं.

आधी एक स्पष्ट करतो. मी घाबरट माणूस नाही. कटंगीकडच्या मँगनीजच्या खदानीत मी मेट होतो. मजुरांच्या टोळ्या माझ्या हाताखाली असायच्या आणि सुरुंग कुठे लावायचा ते मी सांगायचो. विदर्भ तिकडे गेला, आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो, त्यानंतर काही वर्षांनी ती खदान बंद पडली. मागे खड्डा उरला. त्यात पाणी साचलं, पण मेलेलं पाणी — काठ भिंतीसारखे उभे, ना गवत, ना बगळा. त्या खड्ड्याची बोडी करायची, म्हणजे आमच्याकडे जसा गावाचा तलाव असतो तसा करायचा, ही कल्पना माझी. ती आजही माझीच आहे, आणि ती चांगलीच होती.

पण कसं करायचं ते ठाऊक होतं मासे धरून पोट भरणाऱ्या बकाराम ढीवराला. त्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती, पण पाण्याचं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तो म्हणाला, "काठ तोडा, भाऊ. गुडघाभर पान्याचा उतार पायजे, तवाच कायी जगन." गावाने काठ तोडले, खदानीच्या मातीचा ढिगारा ओढून उतार केला. मग बकाराम आणि त्याची बायको सगुणा जुन्या बोडीतला गाळ टोपल्यांनी आणत राहिले, त्यातल्या मुळांसकट. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोघांनी कमळ लावलं, उथळात देवधान, म्हणजे पाण्यात आपसूक पिकणारं रानटी धान, लावलं. मडक्यांच्या कावडीतून माशांची पिल्लं आणून सोडली. पंचायतीने शब्द दिला होता — या बोडीतले मासे धरायचा हक्क बकारामच्या घराचा.

दुसऱ्या पावसाळ्यात देवधान पिवळट पडलं. मला बघवेना. आमचं घर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धान पिकवणारं. पिवळं रोप दिसलं की आमचे हात शिवशिवतात. मी खत घालायचं म्हटलं तर बकाराम हसला. "बोडी म्हंजे बांधी नाही, भाऊ. पान्यात कायी टाकू नका. त्याले आपलं आपलं होऊ द्या."

चारचौघांत हसला. मला लागलं. धानाचं मला हा शिकवणार?

एका दुपारी, सगळं गाव धानाच्या रोवणीत वाकलेलं असताना, मी बैलगाडीतून चार पोती मोहाची ढेप नेली आणि उथळात पसरली. तेल काढल्यावर उरलेली ही ढेप आम्ही बांधीत टाकतोच. तिने मासे गुंगतात, मरतात, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. एवढ्या पाण्यात काय होतंय, असं वाटलं. पण पिल्लं उथळातच असतात — आणि हे मला खरंच माहीत नव्हतं.

सकाळी पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं दिसत होती.

त्याच संध्याकाळी सगुणा माझ्या दारात आली. हातात एक पोतं — धुतलेलं, वाळवलेलं, नीट घडी घातलेलं. तोंडाशी लाल दोऱ्याची शिवण. अशी शिवण आमच्याच घरची. "भाऊ, हे तुमचं. बोडीवर राह्यलतं." एवढंच बोलली आणि गेली. काहून म्हणून विचारलं नाही. मी पोतं आत टाकलं.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. ढेप टाकून मासे धरतात ते ढीवरच, असं सगळ्यांच्या मनात आधीच ठरलेलं. आपलेच मासे, तेही बोटभर, कोण मारेल — हे कुणी विचारलं नाही. मग सरपंच माझ्याकडे वळले. "मेटबाबू, तुमी रोज तिकडं जाता. कोन दिसलतं?"

बकाराम माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. वाट बघत होता. पोतं परत पाठवून त्याने मला एक अख्खी रात्र दिली होती, स्वतःहून बोलण्यासाठी.

मी म्हणालो, "बकाराम दिसलता."

खोटं नव्हतंच ना? तो तर रोजच तिथे दिसायचा. आवाजही कापला नाही माझा; सुरुंगाची जागा सांगताना कापत नसे, तसाच. आणि बकाराम? त्याने पोत्याचं नाव काढलं नाही. खाली बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठला. त्याला पाण्यात पाय घालायची बंदी झाली. दिवाळीच्या आत दोघं तुमसरच्या बसने गेली. कुठे राहतात, मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

ढेपेचं विष काही आठवड्यांत उतरलं, आणि मग तिचं खतच झालं. पुढच्या वर्षी देवधान असं माजलं की विचारू नका. पाणकोंबड्या आल्या, हिवाळ्यात बदकं आली, एकदा सारसाची जोडी उतरली. लोक त्या पाण्याला मेटबोडी म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून बाया तिथलंच देवधान शिजवतात. आणि पहिली ओंजळ मानाची म्हणून माझ्या घरी येते.

दरवर्षी मी उठून उभा राहतो, दोन्ही हात पुढे करतो आणि ती घेतो.