रूथची सही

"मॅडम, समदे पैसे काढायचे हायत. आजच."

पास्टर गायकवाड खुर्चीत बसायच्या आधीच बोलले. मेढ्याहून एसटीनं आले होते. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

मी साताऱ्यात म्युच्युअल फंडाचं काम करते. लोकांचे पैसे फंडात लावायचे, लागतील तेव्हा काढून द्यायचे. पास्टर मेढ्याजवळच्या एका लहानशा चर्चचे पाळक. त्यांच्या बायकोनं, मार्थाताईंनी, मुलीच्या कॉलेजसाठी माझ्याकडे एसआयपी सुरू केली होती. म्हणजे ठरलेली रक्कम दर महिन्याला बँकेतून आपोआप फंडात जाते. पास्टरांना ते पटलं नव्हतं. "देव पुरवतो की. साठवायचं कशाला?"

"आवं, योसेफानं दुष्काळाआधी मिसरात धान्याची कोठारं भरली," मार्थाताई बायबलचा दाखला देत म्हणाल्या होत्या, "ती काय देवावर विश्वास नव्हता म्हणून?"

पुढे मार्थाताई काविळीनं गेल्या. पास्टरांनी एसआयपीचा एकही हप्ता चुकू दिला नाही. मुलगी रूथ सांगलीला हॉस्टेलवर राहून बारावी झाली आणि तिथंच तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला.

"फी भरायची ना?" मी विचारलं.

"न्हाई. वाऱ्यानं चर्चचे पत्रे उडाले. मंडळी म्हणत्यात, पाळकाकडं पैसे हायत, मग आमच्याकडं कशाला मागता?"

"आणि रूथचं काय?"

"देव बघंल." हे ते माझ्याकडे न बघता बोलले.

मी कॉम्प्युटरवर रूथच्या नावाचं खातं बघितलं. लहान मुलाच्या नावानं खातं असलं की ते अठरा वर्षांचं होईपर्यंत आईबापाची सही चालते. नंतर नाही. रूथ नुकतीच अठराची झाली होती.

"पास्टर, तुमच्या सहीनं आता यातला एक रुपयाही निघणार नाही. तिला विचारावं लागेल."

मी चहा मागवला, तो तसाच निवला.

"घरात विचारायला कुणी न्हाई, मॅडम," शेवटी म्हणाले. "मंडळी येत्यात ती आपली दुःखं घेऊन. माझं मी कुणाला सांगू? प्रार्थना करतो. पण पलीकडनं काय आवाज येत न्हाई."

पाळकाच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. "फोन लावा तिला," मी म्हणाले.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"पप्पा, पत्र्यासाठी मी सही करणार न्हाई," रूथ म्हणाली.

"अगं, देवाचं घर हाय ते."

"व्हय, पण समद्यांचं हाय. समद्यांनी करावं. हे आईनं माझ्या शिक्षणासाठी ठेवलंय." मग हळू आवाजात, "तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई ना? माझं नाव सांगा. म्हणावं, पोरगी ऐकत न्हाई."

फोन बंद झाल्यावर पास्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मलाबी हेच पायजे होतं, मॅडम. पण माझ्या तोंडातनं निघत नव्हतं."

रूथ साताऱ्याला आली. तिचं स्वतःचं बँक खातं, पॅन कार्ड, केवायसी म्हणजे ओळखीची कागदपत्रं, सगळं करून घेतलं. धावपळ झाली, पण तिच्या सहीनं पैसे निघाले आणि फी वेळेत भरली.

मंडळी मात्र रागावली. दोन कुटुंबं चर्चला यायची बंद झाली. काही रविवार पास्टरांनी ताडपत्रीखाली मोजक्या माणसांपुढं उपदेश केला. नंतर लोकांनीच हळूहळू वर्गणी काढून पत्रे घातले. ती दोन कुटुंबं परत आली नाहीत.

साताऱ्यात आले की पास्टर अजून माझा जिना चढतात. काम काही नसतं. मार्केट कसं आहे, विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. "रूथची परीक्षा हाय. फोनवर बोलाय येळ न्हाई तिला," असं सांगतात.

"जेवणाचं कसं करता?" मी एकदा विचारलं.

"करतो की. आधी तिघांचं व्हायचं, मग दोघांचं. आता एकाचा अंदाज यायला लागलाय."

मूल अठराचं व्हायच्या आधी त्याचं बँक खातं आणि पॅन कार्ड तयार ठेवा, असं मी आता प्रत्येक आईबापाला बजावते. त्या दिवसापासून तुमची सही चालत नाही. एवढी तयारी माझ्या ऑफिसात करून मिळते. बाकीची ज्याची त्यानं करायची.