पिळवटलेली पानं आणि सोसायटीचा पंप

गेल्या आठवड्यात आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या टेरेसमधल्या टोमॅटोची पानं वाकडी झाली... आणि तो अख्खा दिवस मी जीव मुठीत धरून काढला.

शेंड्याची नवी पानं दोऱ्यासारखी बारीक, पिळवटलेली. खालची जुनी मात्र ठणठणीत. मला वाटलं, व्हायरस. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना फोटो पाठवले, त्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. फोटो बघून त्या स्वतःच खाली आल्या.

टोमॅटो बघितला, मग शेजारची मिरची, मग वांगं. "सगळ्यांचे शेंडे एकदमच वळलेत. व्हायरस असा सरसकट नाही धरत. काय फवारलंत?"

"निमतेल. बाबांनी, रविवारी." बाबा म्हणजे माझे सासरे.

"फवारायचा पंप कुणाचा?"

पंप सोसायटीचा होता. पार्किंगमधलं गवत मारायचं औषध त्याच पंपाने फवारतात, त्याचा उरलेला अंश लागला तरी शेंडे असे पिळवटतात, असं काकू म्हणाल्या... आणि मी तशीच आत धावले.

कारण इरा. माझी तीन वर्षांची मुलगी रोज सकाळी झाडावरचे चेरी टोमॅटो तोडून तिथेच खाते. न धुता. आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढतो.

ऐकताच बाबा अनवाणीच खाली गेले, स्टोअररूममधून औषधाची बाटली घेऊन आले. तिच्यावरचं नाव मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं.

"पंपात राहिलेला अंश फार थोडा असणार," डॉक्टर म्हणाले. "उलटी झाली, गुंगी वाटली तर लगेच घेऊन या. नाहीतर नुसतं लक्ष ठेवा."

नुसतं लक्ष... दुपारी इरा नेहमीसारखी झोपली, तर मला तिच्या झोपेचीच भीती वाटायला लागली. सारखी छातीवर हात ठेवून श्वास बघत होते. बाबा पलंगाच्या पायथ्याशी बसून होते, जेवलेही नाहीत.

उठल्यावर ती सरळ आजोबांच्या मांडीवर चढली. "आबा, भूक लागली." बाबांनी वरणभात कालवला, पण पहिला घास भरवताना त्यांना रडू आवरेना.

इरा अगदी ठीक आहे. झाडं बाबांनी स्वतःच्या हाताने उपटली, त्यांना मी एका शब्दाने बोलले नाही.

एकच विचार अजून अंगावर काटा आणतो... ती पानं वाकडी झाली नसती, तर इरा आजही तिथे उभी राहून टोमॅटो खात असती. त्या झाडांचे उपकार मी विसरणार नाही.